गोल गोट्यांची साक्ष : अबू रैहान अल्-बीरूनी

मालवणच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत आपल्या जुन्या मशिदी, घरे आणि गडगे बहुतांशी जांभ्याच्या चिऱ्यांचेच आहेत. खाणीतून नुकताच काढलेला चिरा हत्याराने सहज तासता येतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होत जातो, हे आपल्याकडील गवंड्याला सांगावे लागत नाही. परंतु हा जांभा मुळात जांभा नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून आलेला तप्त रस निवाला आणि काळा कातळ झाला. पुढे कोकणच्या उष्ण हवेत त्यावर अगणित पावसाळे कोसळले. पाण्याने त्यातील वाळूचे द्रव्य धुऊन नेले, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे अंश मागे राहिले, आणि काळ्या कातळाचा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. एक दगड अशा रीतीने दुसरा दगड होतो.

शाळेच्या भूगोलात मुले हे वाचतात आणि घरी येऊन विचारतात. मग काही पालक जुम्याच्या नमाजनंतर हलक्या आवाजात इमामाला विचारतात, की कोट्यवधी वर्षांच्या या गोष्टी मुलांच्या ईमानाला बाधक तर नाहीत? या प्रश्नाला मसल्याच्या स्वरूपात उत्तर देता येईल. मला मात्र त्यापेक्षा एका माणसाचे चरित्र सांगणे अधिक उपयोगाचे वाटते. हजार वर्षांपूर्वी या माणसाने नदीकाठच्या गोल गोट्यांवरून पर्वतांचा जन्म ओळखला, आणि तो ज्या ग्रंथात लिहिला तो ग्रंथ मुख्यतः किब्ल्याची दिशा शोधण्यासाठी होता.

अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्-बीरूनी यांचा जन्म ३ जिल्हज ३६२ हिजरी, म्हणजे ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिज्मची राजधानी काथ हिच्या बाहेरील वस्तीत झाला. ‘बीरून’ म्हणजे बाहेर. त्यावरून हे नाव पडले. तो प्रदेश आज उझबेकिस्तानात आहे. काथ शहर जैहून नदीच्या काठी वसलेले होते आणि ती नदी शहराला खात होती. शहरालगत एक प्रचंड जुना किल्ला होता. तो दहा मैलांवरून दिसत असे. जैहूनचे पाणी वर्षामागून वर्ष त्याचा एकेक भाग तोडून नेत गेले आणि अल्-बीरूनी एकवीस वर्षांचे असताना, ९९४ साली, त्याचा शेवटचा अवशेषही नाहीसा झाला. त्यांनी पुढे ही हकीकत आपल्या ग्रंथात वर्षासह नोंदवून ठेवली. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने खाडी जमीन कुरतडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मुलाच्या मनावर काय कोरले गेले असेल ते समजेल. जमीन स्थिर नसते, हा धडा त्यांना पुस्तकाआधी नदीने दिला.

राजघराण्यातील गणितज्ञ अबू नस्र मन्सूर हे त्यांचे उस्ताद होते. उस्तादांनी त्यांना भूमिती आणि खगोल शिकवला. सतराव्या वर्षाच्या सुमारास शागिर्दाने सूर्याची मध्यान्हीची उंची मोजून काथचे अक्षांश काढले. पण ९९५ साली गुरगांजच्या अमीराने काथ जिंकले, अबू नस्र यांच्या घराण्याचे राज्य गेले आणि बावीस वर्षांचे अल्-बीरूनी परागंदा झाले. रै शहरात ते दारिद्र्यात राहिले. तेथील एका ज्योतिष्याने त्यांची फाटकी अवस्था पाहून त्यांचे शास्त्रीय म्हणणे ऐकण्याचेही नाकारले. पुढे दिवस पालटल्यावर तोच मनुष्य सलगी करू लागला. अल्-बीरूनी यांनी हेही लिहून ठेवले आहे. त्यात कडवटपणा नाही, पण विसरही नाही.

९९७ साली ते पुन्हा काथला होते. त्या वर्षीच्या चंद्रग्रहणाच्या वेळी त्यांनी काथमध्ये आणि अबुल-वफा यांनी बगदादमध्ये, आधी ठरवून, एकाच ग्रहणाची वेळ नोंदली आणि त्या फरकावरून दोन्ही शहरांच्या रेखांशांतील अंतर काढले. पुढे ते कॅस्पियन समुद्राजवळील जुर्जानला गेले. तेथे १००० सालच्या सुमारास त्यांनी प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील आपला पहिला मोठा ग्रंथ पूर्ण केला. याच काळात त्यांचा इब्ने सीना यांच्याशी पत्रांतून वाद झाला. अल्-बीरूनी यांनी अरस्तूच्या मतांवर अठरा प्रश्न विचारले, इब्ने सीना यांनी उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांनी अल्-बीरूनी यांचे समाधान झाले नाही. दोघेही तरुण, दोघेही असामान्य. पत्रांचा सूर कधीकधी तिखट होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्या प्रश्नांमागील आग्रह एकच होता. एखादी गोष्ट अरस्तूने म्हटली म्हणून ती खरी मानायची नाही, पाहायचे आणि मोजायचे.

सुमारे १००४ साली ते मायदेशी परतले आणि ख्वारिज्मचा शहा मामून याच्या दरबारात सन्मानाने राहिले. १०१७ साली बंडखोरांनी मामूनला ठार केले. मामून हा सुलतान महमूद गझनवीचा मेव्हणा. त्याच्या सूडाचे निमित्त करून महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि तेथील विद्वानांना आपल्याबरोबर गझनीला नेले. त्यांत अल्-बीरूनी होते आणि त्यांचे वृद्ध होत चाललेले उस्ताद अबू नस्रही होते. इब्ने सीना आधीच निसटले होते. या नेण्याला कोणी आमंत्रण म्हणतात, कोणी कैद; मला तरी विजेत्याच्या लष्करासोबत जाणाऱ्या माणसाला निवड होती असे वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, १०१८ च्या ऑक्टोबरात, ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. जवळ यंत्र नव्हते, यंत्र बनवण्याचे साहित्य नव्हते, आणि मनःस्थिती अत्यंत खालावलेली होती. त्यांनी हिशेबाची एक पाटी घेतली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा कंस आखला, त्याचे अंश पाडले, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली. त्या ठिकाणाचे अक्षांश त्यांनी असे काढले. या माणसाविषयी एकच प्रसंग सांगायचा झाला तर मी हाच सांगेन.

गझनीत त्यांनी जे काम हाती घेतले ते ४१६ हिजरीत, म्हणजे १०२५ साली पूर्ण झाले. हाच तो ‘तहदीद निहायात अल्-अमाकिन’ : ठिकाणांच्या स्थाननिश्चितीचा ग्रंथ. गझनीत राहणाऱ्या माणसाने नमाजला उभे राहताना नेमके कोणीकडे तोंड करावे, हा त्यातील एक मुख्य प्रश्न. त्यासाठी गझनी आणि मक्का यांचे अक्षांश-रेखांश हवेत. त्यासाठी वाटेतील शहरांची अंतरे हवीत. पण या हिशेबाकडे वळण्याआधीच त्यांनी एक मूलभूत शंका उपस्थित केली. ज्या जमिनीवरील ठिकाणे आपण निश्चित करतो आहोत, ती जमीन तरी कायम राहते का? समुद्राच्या जागी जमीन आणि जमिनीच्या जागी समुद्र आला, असे पूर्वी कधी घडले आहे का? आणि माणसांनी लिहून ठेवलेला इतिहास जेथे संपतो, त्याच्या मागे जायचे तर साक्षीदार कोण?

साक्षीदार म्हणून त्यांनी दगडाला बोलावले. काही उंच पर्वतांचा दगड एकसंध नसतो, हे त्यांनी दाखवून दिले. नाना रंगांचे गुळगुळीत गोल गोटे माती आणि वाळू यांत रुतून घट्ट झालेले असतात आणि त्या सगळ्याचा मिळून तो दगड बनलेला असतो. आता गोटा गोल कसा होतो? तो आधी कोणत्या तरी डोंगराचा तुकडा असतो. डोंगर आतून तडकतो, बाहेरून आघात होतात, तुकडा सुटतो. पाणी त्याला वाहवते, वारा घासतो, एक तुकडा दुसऱ्यावर आपटतो, कडा आणि कोपरे झिजतात आणि तो वाटोळा होतो. झिजून निघालेला भुगा म्हणजेच वाळू आणि माती. मग गोटे पात्रात साठतात, वाळू-माती त्यांच्या फटींत शिरते, पुरामागून पूर त्यांवर थर चढवतात. एकेकाळी वर उघड्यावर असलेले ते सारे जमिनीच्या पोटात गाडले जाते आणि तेथे दगड बनते. असा दगड आज पर्वताच्या उंचीवर दिसत असेल, तर तो खालून वर आला हेही मानावे लागते. म्हणजे डोंगर झिजून गोटा झाला, गोट्यांचा पुन्हा दगड झाला आणि त्या दगडाचा पुन्हा डोंगर. या फेऱ्याला लागणारा काळ माणसाच्या मोजणीत बसत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. जग अल्लाहने निर्माण केले, त्याला आरंभ आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. तो आरंभ होऊन किती वर्षे झाली हा आकडा मात्र कोणी छातीठोकपणे सांगू लागला, की ते पुरावा मागत.

दुसरा साक्षीदार शिंपला. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी आणि हौद खोदताना निघालेले दगड फोडले, की आत शिंपले आणि कवड्या सापडत. जुर्जान आणि ख्वारिज्म यांमधील वाळवंटातही तेच. आपल्या खाडीतील तिसऱ्या आणि कालवे पाण्यावाचून जगत नाहीत, हे इथल्या मुलांनाही ठाऊक आहे. म्हणून त्या वाळवंटाच्या जागी एकेकाळी समुद्र होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या विवेचनाचा पडताळा आपल्याला घराजवळ घेता येतो. कर्ली नदी सह्याद्रीतून निघते. घाटाच्या पायथ्याशी तिच्या ओढ्यांत घरातल्या पेटाऱ्याएवढे धोंडे पडलेले असतात. खाली येता येता ते लहान आणि गुळगुळीत होतात. नेरूरपारच्या पुढे खाडीचा गाळ लागतो आणि देवबागला समुद्राशी वाळूच वाळू. याच्या पुढचा टप्पा पाहायचा असेल तर कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात जावे. काचेच्या कारखान्यांसाठी तेथे सिलिका वाळू काढतात, ती ज्या दगडातून निघते तो वालुकाश्म आहे. म्हणजे फार जुन्या काळी पाण्याने आणून टाकलेली वाळू, जी गाडली जाऊन दगड झाली होती. आता माणूस तिला पुन्हा वाळू करतो आहे. आणि जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, रेडीपर्यंत, याहूनही पुरातन खडक आहेत. पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता सोसून त्यांचे स्वरूप असे बदलले, की मूळचा दगड ओळखू येऊ नये.

हे शेवटचे रूपांतर अल्-बीरूनी यांना ठाऊक नव्हते. गाळाचा दगड होतो तो थंडीने गोठून, असे त्यांना वाटत असे. प्रत्यक्षात वरच्या थरांचा भार आणि पाण्यात विरघळलेली, कणांच्या मधे साचून सांधा जोडणारी द्रव्ये हे काम करतात. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण आपल्या व्यासपीठांवरून हल्ली असे ऐकू येते, की आजचे सर्व विज्ञान आपल्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवले होते. जमीन आणि समुद्र यांची अदलाबदल होते, हा विचार ग्रीकांतही होता. अल्-बीरूनी यांचे मोठेपण त्यांनी सर्व काही सांगण्यात नाही, तर दगड हातात घेऊन, दगड जेवढे सांगतो तेवढेच लिहिण्यात आहे. कुरआनविषयीही त्यांची भूमिका अशीच सरळ होती. आकाश आणि पृथ्वी यांच्या रचनेबाबत कुरआनात असे काहीही नाही, की ज्याचा अर्थ ओढूनताणून लावावा लागेल, हे त्यांचे मत त्यांनी हिंदुस्तानवरील ग्रंथात नोंदवले आहे. अल्लाहच्या कलामाला आपल्या मताच्या मदतीला ओढणारे लोक त्यांच्याही काळी होते, आणि ते त्यांना आवडत नसत.

गझनीच्या वास्तव्यातच त्यांचा हिंदुस्तानशी संबंध आला. पंजाबातील नंदना किल्ल्यावर त्यांनी पृथ्वीचा आकार मोजला. आधी सपाट मैदानातून डोंगराची उंची काढली, ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर उभे राहून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला. तो ३४ कला, म्हणजे एका अंशाहून कमी. एवढ्या दोन आकड्यांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यापूर्वी खलीफा मामूनच्या काळात या मोजणीसाठी माणसांची पथके वाळवंटात पायी चालली होती.

पंचेचाळिशीच्या आसपास ते संस्कृत शिकू लागले. पतंजलींच्या योगग्रंथाचे त्यांनी अरबीत भाषांतर केले आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात नेण्याचा उद्योग आरंभला. १०३० साली महमूदच्या निधनानंतर त्यांचा हिंदुस्तानवरील ग्रंथ पूर्ण झाला. आपल्या कोकणाचा उल्लेख त्यात येतो. ठाणे हे समुद्रकाठचे कोकणाचे मुख्य शहर म्हणून नोंदलेले आहे. आणि उत्तरेच्या विशाल मैदानाविषयी त्यांनी जे लिहिले, ते वाचताना पुन्हा ते गोल गोटे आठवतात. जमीन खोदली असता डोंगराजवळ, जेथे नद्यांचा वेग प्रचंड असतो, तेथे मोठे गोटे मिळतात. दूर जावे तसे ते लहान होतात. नद्या मंदावतात तेथे आणि समुद्राजवळ त्यांची वाळू झालेली असते. यावरून ते सारे मैदान पूर्वी समुद्र होता आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो हळूहळू भरत गेला, असे त्यांनी ठरवले. हिमालयाच्या पायथ्याचा खोलगट भाग नद्यांच्या गाळाने भरून आला, हे आजचे भूशास्त्रही मानते.

याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण हिंदुस्तानी मुसलमानांनी वाचलीच पाहिजे. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली, येथील लोकांच्या मनात मुसलमानांविषयी खोल तिटकारा निर्माण झाला, आणि विद्या त्या प्रदेशातून उठून काश्मीर-बनारससारख्या दूरच्या ठिकाणी गेली, असे त्यांनी लिहिले. त्या वेळी गादीवर महमूदचाच मुलगा होता आणि लेखक त्याच्याच राजधानीत राहत होता. हिंदूंच्या श्रद्धा मांडताना त्यांनी त्या हिंदू विद्वानांच्याच ग्रंथांतून मांडल्या. पटले नाही तेथे तसे म्हटले, परंतु आधी समजून घेतले. दगडाला जो न्याय, तोच माणसांना.

नव्या सुलतानाने, मसऊदने, त्यांना मानाने वागवले. त्याच्या नावे त्यांनी खगोलशास्त्राचा महाग्रंथ लिहिला. सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीवर लादून चांदी पाठवली आणि त्यांनी ती गरज नाही म्हणून परत केली, असे चरित्रकार सांगतात. १०३६ साली आपल्या ग्रंथांची यादी त्यांनी स्वतःच केली. त्यात शंभराहून अधिक नावे आहेत.

उतारवयात त्यांनी रत्ने आणि खनिजे यांवर ग्रंथ लिहिला. धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून, बाहेर सांडणारे पाणी तोलून, प्रत्येकाचे तुलनात्मक वजन ठरवण्याचे काम त्यांनी एका खास निमुळत्या भांड्याने पूर्वीच केले होते. त्यांचे पुष्कळ आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. याच ग्रंथात पाचूची गोष्ट आहे. पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात, असा त्या काळी सर्वत्र समज होता आणि मोठमोठ्या लेखकांनी तो लिहून ठेवला होता. अल्-बीरूनी यांनी साप पकडून त्याच्या भोवती पाचू ठेवले, समोर टांगले; उन्हाळ्यात केले, थंडीत केले, सुमारे नऊ महिने केले. सापाच्या नजरेवर काहीही परिणाम झाला नाही. हलक्या धातूचे सोने करून दाखवतो म्हणणाऱ्या किमयागारांवरही त्यांचा विश्वास नव्हता. दगड बदलतो हे त्यांना मान्य होते, पण तो नदीच्या घाईने, पुरांच्या हिशेबाने बदलतो. फसव्या माणसाच्या मुशीत एका रात्रीत नव्हे.

वयाची ऐंशी वर्षे हिजरी गणनेने जवळ आली, दृष्टी आणि श्रवण मंदावले, तरी ते औषधी वनस्पतींवरील ग्रंथ लिहीत होते. त्यांच्या अखेरच्या दिवसाची हकीकत फकीह वलवालिजी यांच्या तोंडून पुढच्यांपर्यंत आली. ते भेटीला गेले तेव्हा अल्-बीरूनी यांचा श्वास लागला होता. त्या स्थितीत त्यांनी मीरासचा एक मसला काढला : आईकडील आज्यांच्या वाट्याविषयी फकीहनी पूर्वी एकदा जे सांगितले होते, ते पुन्हा सांगा. फकीहना दया आली. या अवस्थेत कशाला, असे त्यांनी म्हटले. मसला न समजता जाण्यापेक्षा समजून जाणे बरे, असे उत्तर मिळाले. फकीहनी तो सांगितला, अल्-बीरूनी यांनी तो मनात पक्का करून परत म्हणून दाखवला. फकीह निरोप घेऊन रस्त्यावर आले, तोच घरातून रडण्याचा आवाज आला. ४४० हिजरी, १०४८ साल सांगितले जाते. गझनीतच त्यांची मिट्टी झाली.

इब्ने सीना यांचे दगड आणि पर्वत यांवरील लिखाण १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेले आणि कित्येक शतके तिकडचे लोक ते अरस्तूचेच समजून वाचत राहिले. अल्-बीरूनी यांच्या किब्ल्याच्या ग्रंथाला तेवढेही नशीब लाभले नाही. एडिंबरोत जेम्स हटन यांनी १७८५ साली डोंगर झिजतात, गाळ होतो, गाळाचे दगड होऊन पुन्हा वर येतात, हा सिद्धान्त विद्वानांपुढे वाचला, तेव्हा तहदीदची ४१६ हिजरीची एकमेव प्रत, बहुधा लेखकाच्याच हातची, इस्तंबूलमध्ये होती. ती आजही तेथेच आहे. ग्रंथ छापून निघाला तो १९६२ साली कैरोत, आणि इंग्रजीत आला तो १९६७ साली बैरूतहून.